आठव्या बोल्टवरचा पिवळा ठिपका

"ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न मला खपत नाही. वीस वर्षं मी मराठीत मोटारसायकलींवर लिहितोय. ताशी अडीचशेच्या घरात जाणारी गाडी सिग्नलला उभी असते, आणि तिचे ब्रेक, तिचं वळणं, तिचा आवाज सगळं सोडून शेजारचा स्कूटरवाला पेट्रोलचं विचारतो. तेही नेमकं माझं लक्ष भलतीकडे असताना. त्यावरून माझी भांडणं झाली आहेत. बायको म्हणते, एक दिवस तुम्हाला कुणीतरी सिग्नललाच धुणार आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात मीसुद्धा एक प्रश्न नको त्या वेळी विचारला, आणि तो मला जन्मभर पुरेल.

तर अनिता मुंगसे. कुरुळीची सून, वय अडतीस. चाकणच्या एका दुचाकी कंपनीत चौदा वर्षं असेंब्ली लाइनवर, पुढच्या ब्रेकच्या स्टेशनला. रविवारी सुट्टी असली की चिखलीत, धाकट्या दिराच्या गॅरेजात. दीर नवनाथ. त्याच्याकडे लांबलांबून मोठ्या गाड्या येतात, कारण त्याचा हात चांगला आहे असं तो स्वतः सांगतो. खरं कारण त्याची वहिनी आहे, हे तिथे दोनदा गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती स्वतः जुनी स्कूटर चालवते आणि नवऱ्याने चाळीसच्या पुढे काटा नेला की मागे बसून त्याला चिमटा काढते.

लाइनवरचा एक रिवाज इथे सांगायला हवा. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला गेला की आवळणाऱ्याने त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. प्रत्येक स्टेशनचा रंग वेगळा, अनिताचा पिवळा. ठिपका म्हणजे सही. हा बोल्ट मी आवळला, उद्या काही झालं तर मला विचारा. बेचाळीस सेकंदांनी एक गाडी समोर येते. उजव्या हातात आवळायची गन, डाव्या हातात टोपण काढलेला मार्कर. गनवरचा हिरवा दिवा लागला की डावा हात पुढे जातो. एवढी वर्षं हे केल्यावर ती लग्नाला निघालेली असली तरी रस्त्यात कुठे त्यांच्या कंपनीची गाडी उभी दिसली की वाकून पुढच्या चाकाकडे बघते. पिवळा ठिपका दिसला की नवऱ्याला कोपर मारते, "आपली हाय!" तो बिचारा आहेराचं पाकीट सांभाळत उभा राहतो.

दुसरी गोष्ट दोरीची. प्रत्येक स्टेशनवर डोक्याच्या वर एक दोरी असते. काही चुकलं तर ती ओढायची, मग सगळी लाइन थांबते. वरचे साहेब दर सभेत सांगतात, दोरी ओढायला घाबरू नका. आणि त्याच साहेबांनी प्रत्येक स्टेशनवर एक फलक लावलाय, दोरी न ओढता किती दिवस गेले त्याचा. आता माणसाने सभेतलं ऐकायचं की फलकावरचं वाचायचं? अनिताच्या फलकावर चार हजारांच्या वरचा आकडा होता. चौदा वर्षांत एकदाही तिचा हात दोरीला लागला नव्हता. तिची सासू सरुबाई हे कुरुळीत प्रत्येक हळदीकुंकवात सांगायची, "माझ्या सुनंनं चौदा वरसात दोरीला हात लावला न्हाई." निम्म्या बायकांना वाटायचं, विहिरीची दोरी. तरी त्या मान डोलवायच्या.

यंदा त्या आकड्याला जास्तच किंमत आली होती. लाइनवर पहिल्यांदाच एखादी बाई लाइन लीडर होण्याची शक्यता होती. नावं दोन गेली होती, त्यात अनिताचं वर होतं. एकच अट कडक होती, वर्षभरात स्वतःच्या चुकीने लाइन थांबलेली नसावी. निकाल गणपती उठले की लागणार होता.

याच दिवसांत मी दिवाळी अंकासाठी दोन सुपरस्पोर्ट गाड्यांची तुलना लिहायला घेतली. लाल गाडी रावेतच्या रणजीतची. इटलीची, दोन सिलिंडरची, नऊशे सीसीच्या वरची. रणजीत आयटीत आहे, तिशीचा, आणि गाडीला "ही" म्हणतो, बायकोला नावाने हाक मारतो. निळी माझी. जपानी, चार सिलिंडरची, सहाशेची, दुसऱ्याने वापरून मग मला मिळालेली. लाल गाडीला खालूनच ओढ आहे, दुसऱ्या गिअरमध्ये मूठ जरा पिळली की खांदे उपटून नेते. निळी दहा हजार आरपीएमपर्यंत गुमान चालते आणि त्यानंतर अंगात आल्यासारखी किंचाळते. लाल गाडी वळणावर एकदा झुकवली की तिथेच ठाम राहते. निळीला मधेच मन बदललेलं चालतं. मी चार पानांचे तक्ते तयार केले होते आणि मला ते फार आवडले होते.

तुलना खरी व्हावी म्हणून दोन्ही गाड्यांना एकाच जातीचे नवे टायर घालायचं ठरलं. रविवारी चिखलीत टायर, सोमवारी तळेगावच्या पुढे एक खासगी चाचणी ट्रॅक अर्ध्या दिवसासाठी. पुढचं चाक काढायचं म्हणजे ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती चिमटीत धरून गाडी थांबवणारे भाग, काढावे लागतात. एका गाडीला दोन कॅलिपर, प्रत्येकाला दोन बोल्ट. दोन गाड्यांचे मिळून आठ. ते परत बसवायचं काम अर्थातच अनिताकडे.

ती आली, साडीवर नवनाथचा जुना शर्ट चढवला आणि आधी टॉर्च घेऊन दोन्ही गाड्यांभोवती फिरली. मला वाटलं ती इंजिन बघतेय. ती बोल्ट बघत होती.

"दादा, हे बघा," लाल गाडीपाशी बसून ती म्हणाली. "ह्या बोल्टपर्यंत जायला आधी हे झाकण, मग हा पाइप, मग मनगट असं उलटं करायचं. हिला जोडणाऱ्याची संध्याकाळी मान धरत असंल."

"अहो ताई, तिकडे रोबो असतील," रणजीत म्हणाला.

"रोबोचा हात एवढा वाकत न्हाई. माणूसच हाय तिथं." मग ती निळीकडे वळली. एकेका बोल्टवर टॉर्च फिरवला. "हिची आखणी करणारा कधीतरी लाइनवर उभा राहिलाय. सगळं हाताला येतंय."

माझ्या चार पानांत ही ओळ नव्हती. वीस वर्षांत मी गाडीचा वेग मोजला, वजन मोजलं, ती बांधणाऱ्याच्या मानेचा विचार एकदाही केला नाही. मला जरा लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्त बोलतो.

काम सुरू झाल्यावर मात्र ती बोलत नाही. गॅरेजात हिरवा दिवा नसतो. तिथला टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, ठरलेला जोर आला की 'कट्' असा आवाज करतो. तो ऐकायचा आणि मग ठिपका द्यायचा. लालचे चार झाले. निळीचे तीन झाले. आठवा बोल्ट तिने बोटांनी फिरवून बसवला आणि रेंचकडे हात नेला. तेवढ्यात मला राहवलं नाही.

"ताई, एका शब्दात सांगा, दोघींत भारी कोणती?"

तिने मान वर केली. "चालवायला तुमचं तुमी बघा. बांधायला तुमची निळी."

रणजीतने कपाळावर हात मारला. "काय राव ताई, माझी इटलीवरून आलीय!" सगळे हसले. नवनाथ चहा घेऊन आला. अनिता हात पुसत उठली. आठव्या बोल्टवर पिवळा ठिपका होता, आणि आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

सोमवारी नवनाथला बरोबर घेऊन आम्ही गाड्या टेम्पोत घालून ट्रॅकवर नेल्या. सकाळी नुसते वेग मोजले. शेवटाला भरपूर जागा होती, त्यामुळे ब्रेकला हलका हात लावला तरी भागत होतं. साडेदहाच्या सुमाराला खरी ब्रेकची चाचणी घ्यायची ठरली. दीडशेच्या वेगात येऊन खुणेच्या दांडीपाशी पुढचा ब्रेक जीव खाऊन दाबायचा आणि गाडी किती मीटरवर थांबते ते बघायचं. लालवर मी बसलो, ती सुरेख थांबली. मग अदलाबदल. रणजीत माझ्या निळीवर बसून ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला गेला.

त्याच वेळी चाकणला काय चाललं होतं ते मला नंतर अनिताने आणि तिचे सुपरवायझर दादासाहेब काळोखे यांनी सांगितलं.

लाइनवर एका गाडीला गन नीट बसली नाही आणि हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. असं दिवसातून एखाद्या वेळी होतं, बोल्ट सैल करून पुन्हा आवळायचा. पण अनिताने पाहिलं तर त्या बोल्टवर पिवळा ठिपका आधीच पडलेला होता. डाव्या हाताने दिव्याची वाट बघितलीच नव्हती. तिने ठिपका पुसला, बोल्ट पुन्हा आवळला, हिरवा दिवा बघून नवा ठिपका दिला. गाडी पुढे गेली. पण हात असं करू शकतो हे तिला त्या क्षणी कळलं.

ती मनातल्या मनात रविवारचे 'कट्' मोजू लागली. लालचे चार. निळीचे एक, दोन, तीन. चौथ्या ठिकाणी तिला माझा आवाज ऐकू येत होता.

मोबाइल लॉकरमध्ये. कामगारांना तो लाइनवर न्यायची परवानगी नाही. मदतीचं बटण दाबलं, पण दादासाहेब शेडच्या पार दुसऱ्या टोकाला होते आणि जेवणाच्या सुट्टीला अजून सव्वा तास होता. आम्ही सकाळभर चाचण्या घेणार हे तिला माहीत होतं, मीच तिला मोठ्या हौसेने सांगितलं होतं. पुढची गाडी समोर आली. तिने वर बघितलं.

"दादा, चौदा वर्षं डोक्यावर होती," ती मला म्हणाली, "पण दोरीकडं नीट बघितलं ते त्याच दिवशी. नवीकोरी होती. कुणी हातच लावला नव्हता ना."

तिने ती ओढली.

लाइन थांबली. भोंगा वाजला, साठ माणसांनी माना वळवल्या. दादासाहेब धावत आले. "काय झालं ताई? पार्ट खराब आहे?"

"साहेब, फोन करायचा हाय. बाहेरच्या एका गाडीचा ब्रेकचा बोल्ट माझ्याकडनं आवळायचा राहिलाय. माणूस बसलाय तिच्यावर."

दादासाहेब तापट म्हणून प्रसिद्ध आहेत. बाहेरच्या गाडीसाठी कंपनीची लाइन बंद, हे ऐकून त्यांनी काय काय म्हणायला हवं होतं याची यादी त्यांनीच मला हसत सांगितली. त्यातलं ते काहीच म्हणाले नाहीत. खिशातला स्वतःचा फोन काढून त्यांनी तिच्या हातात दिला. नवनाथचा नंबर तिला पाठ होता.

इकडे ट्रॅकवर मी हात वर करून उभा होतो. माझा हात खाली आला की रणजीतने सुटायचं, अशी खूण ठरली होती. इंजिन किंचाळत होतं. मागून नवनाथ ओरडत धावत आला, आणि मी न वळताच त्याला एक सणसणीत शिवी हासडली, कारण ऐन वेळी मधे बोललेलं मला खपत नाही. त्याने माझा वर केलेला हात दोन्ही हातांनी पकडला आणि तसाच वर धरून ठेवला.

"सर, हात खाली घेऊ नका. वहिनींचा फोन आहे."

मी दुसऱ्या हाताने थांब, थांब केलं. रणजीत हळूहळू गाडी घेऊन आला, वैतागलेला. नवनाथ पुढच्या चाकाशी बसला आणि उजव्या कॅलिपरचा खालचा बोल्ट अंगठा नि बोटाच्या चिमटीत धरला. तो फिरला. पिवळ्या ठिपक्यासकट फिरला.

रणजीतने हेल्मेट काढलं आणि तिथेच डांबरावर बसला. मला त्याच्याकडे बघवेना. गाडी माझी, प्रश्न माझा, आणि हात खाली आणणाराही मीच होतो.

फोन अजून चालू होता. मी म्हटलं, "ताई, सैल होता."

मग ती म्हणाली, "बाकीचे सात?"

"घट्ट दिसतायत."

"दिसतायत न्हाई. सातही परत आवळा. आणि माझे ठिपके पुसा सगळे." मग पलीकडचा भोंगा थांबला आणि फोन बंद झाला.

लाइन साडेतीन मिनिटं थांबली होती. अशा वेळी एक कागद भरावा लागतो, कारण काय, चूक कोणाची. दादासाहेब मला म्हणाले, "मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, गनचा लाल दिवा लागला होता की नाही? लागला होता. मग तेवढंच लिहा. खोटं नाही ते. अवजाराचा दोष तुमच्या फलकाला लागत नाही, लीडरचं नावही जात नाही."

"मग?"

"मग काय! मला म्हणाली, साहेब, मी दोरी लाल दिव्यासाठी ओढली न्हाई."

तिने लिहिलं ते मी नंतर पाहिलं. वळणदार अक्षर आहे तिचं. 'ठिपका आधी दिला. आवळायचं राहिलं. गाडी आपल्या कंपनीची नाही. चूक माझी.' खाली पूर्ण नाव, अनिता आदिनाथ मुंगसे. मग ती फलकापाशी गेली, चार हजारांच्या वरचा तो आकडा फडक्याने पुसला आणि स्वतःच्या हाताने शून्य लिहिलं.

गणपती उठले, निकाल लागला. लीडरची जागा दुसऱ्या नावाला गेली. नियम तो नियम.

मी पेढ्यांचा पुडा घेऊन कुरुळीला गेलो. खरं तर पेढे कशाचे हे मलाही सांगता आलं नसतं, पण रिकाम्या हाताने माफी मागायला जायचं धाडस नव्हतं. दारात सरुबाई गहू निवडत बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमीच का त्ये मधी इचारणारं?"

"हो, मीच," मी म्हटलं. तिने सूप जरा बाजूला सरकवलं, तेवढी जागा मला बसायला पुरली.

अनिता शिफ्टवरून आली. मी विचारलं, या वेळी ती चपला काढून, पाणी पिऊन, खाली बसेपर्यंत थांबून विचारलं, "वाईट वाटलं का ताई?"

"वाटलं ना. लई वाटलं," ती म्हणाली. "त्या आकड्याकडं बघत मी रोज डबा खायची. पहिल्या दिवशी शून्य बघून घास उतरला न्हाई." मग म्हणाली, "पण दादा, ठिपका माझा होता. तो खोटा राहिला असता तर रस्त्यात गाड्या बघून 'आपली हाय' कुठल्या तोंडानं म्हटलं असतं मी?"

मी वीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे दोष काढून पोट भरतो, आणि स्वतःची एखादी चूक छापायची वेळ आली की 'मुद्रणदोष' लिहून मोकळा होतो. या बाईबद्दल मला जो अभिमान वाटला तो मी कुठल्या हक्काने वाटून घेतो हे माहीत नाही, पण वाटला.

त्या प्रसंगानंतरच्या रविवारपासून चिखलीच्या गॅरेजात मार्कर सुतळीने टॉर्क रेंचच्या मुठीला बांधलेला असतो. रेंच उचलल्याशिवाय मार्कर हाताला येत नाही. भिंतीवर पाटी लागली आहे, 'बोल्ट आवळताना बोलू नये.' ती सगळ्यांसाठी आहे असं नवनाथ म्हणतो, पण ती मी बसतो त्या खुर्चीच्या बरोबर समोर आहे. दिवाळी अंकातल्या माझ्या तक्त्यात सगळ्यात वरची ओळ 'बांधायला कशी?' अशी आहे. तिथे निळी जिंकली आहे. वेगात आणि ब्रेकमध्ये लाल जिंकली, तरी रणजीत त्या पहिल्या ओळीवरून आठवडाभर माझ्याशी फुगून होता.

खंडेनवमीला कंपनीत अवजारांची पूजा असते आणि घरच्यांना आत यायची मुभा असते. अनिताने मलाही बोलावलं. लाइन बंद होती. गनना कुंकू लागलं होतं, गाड्या पुढे सरकवणाऱ्या पट्ट्याला झेंडूची तोरणं होती. तिच्या स्टेशनवरच्या फलकावर आकडा होता सव्वीस.

सरुबाई नवी नऊवारी नेसून, सगळीकडे बघत बघत तिथवर आली. पहिल्यांदाच येत होती. तिने गनकडे बघितलं नाही, गाड्यांकडे बघितलं नाही. मान वर करून म्हणाली, "कंची गं दोरी?"

अनिताने दाखवली. पूजेत त्या दोरीला कधी कुणी हार घालत नाही. सगळे तिला घाबरून असतात, तिची पूजा कोण करणार? म्हातारीने पट्ट्यावरची एक माळ उचलली आणि टाचा उंचावल्या.

"आत्या, अवो लाइन थांबंल!" अनिता घाबरून म्हणाली.

"बंदच हाय की आज." पण हात पोचेना. शेवटी दादासाहेबांनी स्वतः स्टूल आणलं, आणि दोघा-तिघांनी धरून तिला वर चढवलं. तिने माळ दोरीला दोन वेढे देऊन बांधली, गाठ मारली, आणि स्टुलावरूनच आजूबाजूला जमलेल्या बायकांकडे वळली. चौदा वर्षं कुरुळीत जे सांगत आली ते आता सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात तिने बदलून सांगितलं.

"बायांनो, माझ्या सुनंनं वढली ती हीच दोरी."